सातव्या माणसाचे खिसे

आमच्या शेजारच्या भावोजींना पगार मिळतो तो काहीही न करण्याचा. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. करारातच तसं लिहिलेलं आहे, कलम चौदा, पोटकलम तीन. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय, कारण भावोजींनी त्याची झेरॉक्स काढून घरात भिंतीवरच्या घड्याळाखाली चिकटवलीय, आणि मी दिवसातून तीनदा तरी त्यांच्याकडे किती वाजले ते बघायला जाते. घड्याळ आमच्याकडेही आहे. पण ते नुसती वेळ सांगतं.

तर कलम असं: ‘इमारतीच्या देखभालीसाठी सात इसम सदैव हजर असतील. सातवा इसम राखीव राहील व तो अन्य कोणत्याही कामात गुंतलेला असणार नाही.’

इमारत सरकारी, चार मजली. आत सहा कचेऱ्या आणि मोडण्यासारख्या असंख्य वस्तू. त्या दुरुस्त करायचं काम सरकार स्वतः करत नाही, कंत्राटदाराला देतं. कंत्राटदार माणसं ठेवतो. प्लंबर, वायरमन, सुतार, पंपवाला, लिफ्टवाला आणि या पाचांवर ओरडायला सुपरवायझर, असे सहा. सातवे आमचे भावोजी.

आता चार मजल्यांना सात माणसं कशाला, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं, म्हणून मी चौकशी केली. त्या खात्याच्या इंजिनिअर साहेबांनी हा करार लिहिताना चौदा मजली इमारतीचा जुना करार पुढ्यात घेतला होता. मजले बदलले, माणसं बदलायची राहून गेली. पण सरकारी कागदावर एकदा सही झाली की चूक ही चूक राहत नाही, ती अट होते. आणि अटीसाठी इंजिनिअर साहेब जीव द्यायला तयार असतात. स्वतःचा नाही, पण तयार असतात.

भावोजी मुळात पंपाचे माणूस. तीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त केले. गिऱ्हाईक मोटर घेऊन दारात आलं की हे आतूनच सांगायचे, “मागचं बेअरिंग गेलंय, पुढच्याला हात लावू नका.” मालक म्हातारा झाला, मुलांनी जागा विकली आणि भावोजी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी घरी बसले.

बसले म्हणजे काय, बसलेच नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे नळ उघडले. दुसऱ्या महिन्यात सगळ्या कड्या, बिजागऱ्या. तिसऱ्या महिन्यात बाहेरचा दरवाजाच चौकटीतून काढला आणि जिन्यात आडवा घालून त्याला रंधा मारत बसले. दोन दिवस ताईंचं, म्हणजे भावोजींच्या बायकोचं, घर बिनदाराचं होतं. ताईंना फार लाज वाटली. मला, खरं सांगते, फार सोयीचं झालं.

त्यांच्या घरचं संपल्यावर ते आमच्याकडे वळले. माझा मिक्सर त्यांनी तीनदा दुरुस्त केला. तो एकदाही बिघडला नव्हता. “भावोजी, तो चालतोय,” मी म्हटलं, तर म्हणाले, “चालतोय, पण आनंदात नाहीये.”

पण सातव्या महिन्यात हे सगळं थांबलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे, हातात एक पाना, तो नुसता बोटांत फिरवायचे. कोणी आलं-गेलं की पाय बाजूला घ्यायचे. मी मुद्दाम म्हटलं, “भावोजी, मिक्सर उदास आहे.” तर “बघू,” म्हणाले, आणि बघितलं नाही. त्या दिवशी ताई मला म्हणाल्या, “दार काढलं होतं ना गं, तेव्हा बरे होते.”

म्हणून ही सातव्या माणसाची नोकरी आली तेव्हा आमच्या मजल्यावर सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी त्यांना तळमजल्यावर जिन्याखालची खोली दाखवली. एक टेबल, एक खुर्ची, एक वही. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सात आकडा काढलेला. सुपरवायझर म्हणाला, “काका, बसा.” भावोजी बसले. खुर्ची करकरली. ते उठले, खुर्ची उलटी केली, तेवढ्यात सुपरवायझर ओरडला, “तिला हात लावू नका, ती सुताराकडे येते!”

तासाभराने भावोजी दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनखाली पाठीवर पडून नळाचा वायसर बदलत होते. नेमके त्याच वेळी इंजिनिअर साहेब माणसं मोजायला आले. सहा मिळाले.

“सातवा कुठाय?”

“नळाखाली आहे, साहेब.”

“म्हणजे कामात गुंतलेला आहे.”

“हो, साहेब,” सुपरवायझर अभिमानाने म्हणाला.

“म्हणजे राखीव जागा रिकामी आहे,” साहेब म्हणाले, आणि कंत्राटदाराला दंड लावून गेले.

वाचणाऱ्याने इथे जरा थांबावं, कारण मलाही समजायला दोन चहा लागले होते. राखीव माणूस म्हणजे कोणी आलं नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा. पण तो उभा राहिला की राखीव जागा रिकामी, म्हणजे दंड. म्हणून सुपरवायझरने ठरवलं की उरलेल्या सहांनी आजारीच पडायचं नाही. आणि भावोजींना सांगितलं, “काका, उद्यापासून हात खिशात.”

“गणवेशाला खिसे नाहीत,” भावोजी म्हणाले. खरंच नव्हते. कंत्राटदाराने तेवढं कापड वाचवलं होतं.

मग ताईंनी खिसे शिवले. चांगले खोल, मनगटापर्यंत हात जाईल असे, आणि वर एकेक बटण. “हात आत घातल्यावर बाहेरून बटण लावायचं का?” मी विचारलं. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून घरी आमचं घड्याळ बघायला गेले.

अशी भावोजींची नोकरी सुरू झाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खुर्चीत बसायचं आणि दर तासाला वहीत नोंद करायची. वहीत तीन रकाने: वेळ, केलेलं काम, शेरा. दुसऱ्या रकान्यात ते प्रामाणिकपणे ‘काही नाही’ लिहायचे. पण तिसरा रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. आणि त्या खोलीत करण्यासारखं एकच होतं. जिन्याखाली असल्यामुळे इमारतीचे सगळे पाइप तिच्या भिंतीतून वर जात होते.

त्या वहीची काही पानं मी नंतर पाहिली, कशी ते पुढे येईलच. त्यातली ही थोडी:

‘दहा. काही नाही. दुसऱ्या मजल्यावर डावीकडचा नळ गळतोय. मिनिटाला बेचाळीस.’

‘अकरा. काही नाही. पंप पाणी उचलताना कण्हतोय. जाळीत कचरा असावा.’

‘एक वाजता. काही नाही. लिफ्ट तिसऱ्यावर थांबण्याआधी विचार करतेय.’

‘तीन. काही नाही. जिन्यात कोणीतरी रडतंय. पाइप नाही, माणूस आहे.’

‘चार. काही नाही. माझी खुर्ची.’

हे ‘माझी खुर्ची’ रोज चारला असायचं. खुर्ची सुताराकडे येत होती, पण सुताराला हलवायला तक्रार लागते आणि तक्रार फक्त कचेरी करू शकते. भावोजी कचेरी नव्हते. रोज सातव्या खुर्चीची करकर सगळ्या जिन्याला ऐकू जायची आणि सुतार तिच्यासमोरून ये-जा करायचा.

वही कोणी वाचत नव्हतं. सुपरवायझर संध्याकाळी न बघता सही करायचा. मात्र प्लंबर रोज सकाळी आपला डबा ठेवायला त्या खोलीत यायचा आणि कोणाला न सांगता आदल्या दिवशीचं पान वाचून जायचा. मग थेट बेचाळीस थेंबवाल्या नळापाशी. त्याचं बघून पंपवाला यायला लागला, मग लिफ्टवाला. वस्तू मोडायच्या आधीच दुरुस्त व्हायला लागल्या. वर बसलेल्या कचेऱ्यांना वाटलं, इमारत सुधारली. तक्रारवही कोरी राहिली. एक महिना, दोन महिने, अकरा महिने.

आणि याच कोऱ्या वहीने घात केला.

करार वर्षाचा होता, तो पुन्हा करायची वेळ आली. कंत्राटदाराने खात्याला पत्र लिहिलं: अकरा महिन्यांत एकही तक्रार नाही, अर्थात सहा माणसं पुरेशी आहेत, सबब सातवा इसम कमी करावा. इंजिनिअर साहेबांनी अकरा पानी उत्तर लिहिलं, की अट म्हणजे अट. प्रकरण वरच्या कचेरीत सुनावणीला गेलं.

भावोजी दोन्ही बाजूंच्या मधे अडकले होते. काम केलं तर जागा रिकामी धरायची, नाही केलं तर जागा बिनकामाची. ताई दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणजे जेवल्या, पण मला न सांगता.

“तुला आठवतोय ना तो जिना?” त्या मला म्हणाल्या. “पुन्हा त्या पायरीवर बसले तर मी काय करू? आता तर काढायला दारही उरलं नाही. तीनदा काढून झालंय.”

सुनावणीच्या पहिल्या तारखेला भावोजींना बोलावलं नव्हतं, पण सुपरवायझर गेला होता आणि त्याने येऊन सगळं सांगितलं. कंत्राटदाराच्या वकिलाने वही पुढे ठेवली. “बघा, दर तासाला ‘काही नाही’. स्वतःच्या अक्षरात. असा माणूस कशाला हवा?” इंजिनिअर साहेबांनी वही ओढून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा तिसरा रकाना वाचला. मग त्यांनी प्लंबरच्या कामाचे कागद मागवले. आज वहीत नळ, उद्या कागदावर तोच नळ. असं पानामागून पान. साहेबांचा चेहरा असा फुलला म्हणे, जणू ही अट त्यांनी याचसाठी लिहिली होती.

वकील गार पडेल असं वाटलं होतं. पण तो पण वकीलच. तो म्हणाला, “ठीक. म्हणजे हा माणूस अकरा महिने कान लावून ऐकत होता. ऐकणं हे काम आहे. राखीव इसमाने कामात गुंतायचं नाही. त्याने करार मोडलाय. आता तर त्याला काढलंच पाहिजे.”

सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाईंनी आठवड्याची मुदत दिली आणि भावोजींना साक्षीला बोलावलं.

त्या संध्याकाळी ताईंच्या स्वयंपाकघरात मी वकील झाले. आमच्या घरी हे म्हणतात मी जन्मजातच आहे. कमरेला पदर खोचला, हातात झारा घेतला आणि भावोजींना स्टुलावर बसवलं.

“तुम्हाला एकच प्रश्न विचारणार,” मी म्हटलं. “आवाज तुमच्या कानावर पडतात, की तुम्ही ऐकता?”

“ऐकतो.”

“चूक! कानावर पडतात. तुम्ही आपले खुर्चीत बसला होता, आवाज आपोआप आले. कान काही बंद करून ठेवता येत नाहीत. मग ते काम होत नाही, करार मोडत नाही, आणि वहीचा फायदा झाला तो झालाच. पुन्हा सांगा. कानावर...?”

“पडतात,” भावोजी म्हणाले. मग जरा थांबून, “पण नुसते पडले तर बेचाळीस कसे मोजणार?”

ताईंनी कणीक मळता मळता परातच आपटली. “अहो, तुम्हाला कोणी मोजायला सांगितलंय? पडतात म्हणा! तीस वर्षं मी बोलतेय ते तुमच्या कानावर नुसतं पडतंच ना? तसंच म्हणा!”

“कानावर पडतात,” भावोजी म्हणाले. आम्ही त्यांच्याकडून ते बारा वेळा म्हणवून घेतलं.

सुनावणीला ताईंबरोबर मी गेले. दारावरच्या शिपायाला सांगितलं की मी साक्षीदाराची मेहुणी. खोली लांबट, एक मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड आणि भावोजींची वही; सगळे जमेपर्यंत मी तिची पानं चाळून घेतली. टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि तासभर त्या तो तिथेच ठेवून बघत होत्या. त्यांच्या पाठीमागे भिंतीला लागून लोखंडी कपाट. एका बाजूला इंजिनिअर साहेब आणि त्यांच्या फायली, दुसऱ्या बाजूला वकील आणि कंत्राटदार. कंत्राटदार सगळा वेळ मोबाइल बघत होता. भिंतीशी एक बाक होता, त्यावर आम्ही दोघी.

भावोजी उभे राहिले. धुतलेला गणवेश, दोन्ही हात ताईंच्या खिशांत.

“हात बाहेर काढा,” शिपाई हळूच म्हणाला.

“सवय आहे,” भावोजी म्हणाले. अध्यक्षबाईंनी हाताने राहू दे असं केलं.

वकील तरुण होता, गोड बोलत होता. “काका, बसा ना. नाही? बरं. सोपा प्रश्न आहे. हे आवाज तुम्ही मुद्दाम ऐकता, की कानावर पडतात?”

ताईंनी माझा दंड धरला. त्याचा वळ दोन दिवस होता, मी सगळ्या बिल्डिंगला दाखवला.

“कानावर पडतात,” भावोजी म्हणाले.

मी श्वास सोडला. इंजिनिअर साहेबांनी मान डोलावली. वकील मात्र हसला.

“छान. म्हणजे तुमचं त्यात काही नाही. त्या खुर्चीत कोणीही बसलं असतं, तरी त्याच्या कानावर हेच पडलं असतं. बरोबर?”

आता एवढंच करायचं होतं, की ‘बरोबर’ म्हणायचं. मी बाकावरून ओठांनी ते म्हणूनही दाखवलं. पण मला भावोजींचे खिसे दिसत होते. आतल्या मुठी वळल्या, उघडल्या, आणि मग दोन्ही हात सावकाश बाहेर आले. तीस वर्षं पंप उघडणारे हात, बोटांची पेरं सुजलेली. ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते टेबलाच्या काठावर ठेवले.

“नाही,” ते म्हणाले. “कोणालाही येत नाही ते. मी ऐकतो.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. आधी सगळे आवाज एकत्र असतात. मग पंपाचा बाजूला काढायचा, मग लिफ्टचा, मग माणसांच्या चपलांचा. उरतं ते बिघडलेलं.”

“दर वेळी मेहनत घ्यावी लागते?”

“हो. दुपारपर्यंत डोकं दुखतं.”

“माझं संपलं,” वकील म्हणाला आणि बसला. कंत्राटदाराने पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. इंजिनिअर साहेब फायलीत काहीतरी शोधायला लागले, आणि माणूस फायलीत शोधायला लागला की समजावं, त्याच्याकडे बोलायला काही उरलेलं नाही. ताईंनी माझा दंड सोडून दिला. बाकावर अगदी ताठ बसल्या, घरी दार नसताना बसायच्या तशा.

अध्यक्षबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

“आत्ताही ऐकताय का?”

“हो,” भावोजी म्हणाले.

“इथे काय आहे ऐकण्यासारखं?”

“तुमच्या मागे भिंतीत पाणी आहे.”

“पाइप असेल.”

“पाइपातलं पाणी वाहतं. हे झिरपतंय. कपाटाच्या मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर.”

अध्यक्षबाईंनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे कान केला. इंजिनिअर साहेब उठून पलीकडून गेले. वकिलालाही राहवलं नाही, तो कपाटाच्या कडेला वाकला आणि भिंतीला कान लावून डोळे मिटले. पाठोपाठ कंत्राटदार. अशी चार शिकली-सवरलेली माणसं भिंतीला कान लावून उभी. शिपाई दारातून बघत होता. त्याने काही मनावर घेतलं नाही. त्या कचेरीत त्याने याहून वाईट पाहिलं असणार.

“काही नाही,” वकील म्हणाला.

“कपाट उघडा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

शिपायाने उघडलं. खालच्या कप्प्यातल्या फायली फुगून बसल्या होत्या. ओढली तशी एक हातातच आली, अर्धी. मागचा पत्रा गंजलेला आणि त्यातून पाण्याची एक बारीक रेघ.

अध्यक्षबाईंनी फोन उचलून त्यांच्या इमारतीच्या देखभालीच्या माणसाला वर पाठवायला सांगितलं. त्या इमारतीला माणसं अकरा. पलीकडून उत्तर आलं की अकराही आपापल्या जागेवर हजर आहेत, त्यामुळे वर येता येणार नाही.

बाईंनी फोन ठेवला आणि वकिलाकडे बघितलं.

“तुम्ही आत्ता भिंतीला कान लावून काय करत होता?”

“ऐकत होतो.”

“आपोआप?”

“नाही... मुद्दाम.”

“काही ऐकू आलं?”

“नाही.”

“लिहून घ्या,” बाई कोपऱ्यातल्या टंकलेखकाला म्हणाल्या. “ऐकणे हे काम आहे. प्रयत्न करूनही सर्वांना येत नाही.”

भावोजी अजून उभेच होते, आणि कपाटाकडे बघत होते. “वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवला तर तात्पुरतं थांबेल,” ते म्हणाले. “मी जाऊ?”

“नाही!” अध्यक्षबाई, इंजिनिअर साहेब, वकील, कंत्राटदार, चौघेही एकदम ओरडले. मला वाटतं, त्या प्रकरणात चौघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. भावोजींनी हात पुन्हा खिशात घातले.

निकाल पंधरा दिवसांनी आला. त्याचीही झेरॉक्स आता घड्याळाखाली आहे, आणि ती जागा अपुरी पडल्याने घड्याळ वीतभर वर सरकवलंय. मला मान उंच करून बघावं लागतं. निकालात लिहिलंय: सातव्या इसमाचे ऐकण्याचे काम इमारतीस उपयुक्त असून ते चालू ठेवावे. तथापि असे काम करणारा इसम कामात गुंतलेला असल्याने तो राखीव मानता येणार नाही. सबब राखीव जागा गेले अकरा महिने रिकामी असून, वही कोणाही अधिकाऱ्याने न वाचल्याने याबद्दल कोणासही जबाबदार धरता येत नाही. यापुढे कंत्राटदाराने राखीव इसमाची स्वतंत्र नेमणूक करावी.

सात नकोत, सहा पुरेत, म्हणून जो कंत्राटदार भांडायला गेला होता, तो आठ माणसं घेऊन परत आला. इंजिनिअर साहेबांनी म्हणे चौदा मजली इमारतीच्या करारात मुळात आठ होती, उतरवताना एक गळला होता, हे शोधून काढलं, आणि चूक दुरुस्त झाली म्हणून समाधान व्यक्त केलं.

भावोजी आता अधिकृतपणे ऐकतात. वहीला चौथा रकाना आला, ‘ऐकलेले’. खोलीत दुसरी खुर्ची आली, तिच्या पाठीवर आठ आकडा. सातव्या खुर्चीचं काय झालं म्हणाल, तर भावोजींच्या कामात तिची करकर अडथळा आणते असं त्यांनी नव्या रकान्यात लिहिलं, आणि सुतार त्याच दिवशी आला. कामगाराला कामात अडथळा आला तर येतात. नुसता माणूस हैराण होत असेल तर येत नाहीत.

घरी मात्र पंचाईत झालीय. दिवसभर कान वापरून ते संध्याकाळी येतात आणि म्हणतात, आता पुरे. परवा माझा मिक्सर खरोखर बिघडला. तीन दिवस असा रडत होता की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. भावोजी रोज आमच्या दारावरून गेले आणि आले.

“भावोजी, ऐकू येत नाही का?” मी शेवटी म्हटलं.

“कानावर पडतंय,” ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं. ते दार फार छान लागतं, आवाजच येत नाही.

ताईंची याबद्दल तक्रार नाही. नणंदेविषयी जे तीस वर्षं पुटपुटत होत्या, ते हल्ली मोठ्याने म्हणतात. मीही मदतीला असते.

आणि आठव्या खुर्चीत एक वायरमन आलाय, चाळिशीचा, कारखाना बंद पडून घरी बसलेला. चार दिवस चांगला बसला. पाचव्या दिवशी विजेच्या बोर्डासमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन सापडला आणि सुपरवायझरने त्याला हात खिशात ठेवायला सांगितलं. काल त्याची बायको पत्ता विचारत आमच्या मजल्यावर आली. हातात नवऱ्याची गणवेशाची पँट. मी अर्थातच किती वाजले बघायला ताईंकडे गेलेच होते.

“तुम्ही ते खिसे शिवले होते ना,” ती संकोचून ताईंना म्हणाली, “त्याचं माप मिळेल का?”

ताईंनी भावोजींची जुनी पँट काढली, खिसा उलटा करून टेबलावर पसरला, आणि कागदावर पेन्सिलीने भोवती रेघ मारली. मग जरा विचार करून ती रेघ बोटभर खाली नेली.

“थोडे खोलच ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि बटण नको लावूस. हात कधी बाहेर काढावे लागतील सांगता येत नाही.”